गळाला लावलेला जीव : भीमेच्या खोऱ्यातील एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

मोठ्या माशाला गळाकडे ओढून आणण्यासाठी गळाच्या टोकाला अडकवलेला, परंतु हेतुपुरस्सर मरू न दिलेला लहान जीव म्हणजे जिवंत आमिष. गांडूळ, बेडकी, कोळंबी किंवा बोटभर मासळी यांपैकी काहीही त्यासाठी वापरले जाते, आणि त्या जीवाची तडफड हेच या पद्धतीचे खरे साधन असते. कारण शिकारी जातीचे मासे पाण्यातील हालचाल टिपून भक्ष्यावर झेप घेतात आणि म्हणून आमिष जितका वेळ जिवंत राहील तितका वेळ गळ कामाचा ठरतो. कोकणच्या खाड्यांत गरी टाकून मासे गरवणारे लोक जिवंत कोळंबी वापरतात. लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावर तर कुपा मासा पकडण्याचा सगळा व्यवसायच या पद्धतीवर उभा आहे : उथळ पाण्यात पकडलेली बारीक मासळी होडीतल्या वाहत्या पाण्याच्या टाकीत जगवत नेली जाते आणि कुप्यांचा थवा दिसला की ती मूठमूठ समुद्रात फेकली जाते. एका जीवाला दुसऱ्यासाठी अशा रीतीने जिवंत ठेवून वापरणे योग्य आहे काय, हा प्रश्न पाश्चात्त्य प्राणिप्रेमातून अलीकडे आपल्याकडे आला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. समुद्रापासून दूर असलेल्या सोलापूरच्या परिसराचा इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील मासेमारी ही मुख्यतः भीमा, सीना, नीरा आणि माण या नद्यांची व त्यांच्या काठच्या तळ्यांची. पालखी वाहणे आणि मासे धरणे हे दोन्ही व्यवसाय करणारे भोई, तसेच पंढरपूरला चंद्रभागेत होड्या चालवणारे महादेव कोळी, हे या पाण्याशी पिढ्यानपिढ्या जोडलेले समाज होत. भीमेच्या पाण्यातील माशांची पहिली आधुनिक शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स या मुंबई सरकारच्या सांख्यिकी अधिकाऱ्याने केली आणि ती 1839 च्या सुमारास प्रसिद्ध झाली. त्याने अनेक माशांची शास्त्रीय नावे मासेमारांच्या तोंडच्या मराठी नावांवरूनच ठेवली. शिंगाळ्याचे 'सीनघाला' आणि खडशीचे 'खुद्री' हे रूप आजही जगभरच्या मत्स्यशास्त्रात तसेच चालते. या नदीतले सर्वच मासे जिवंत आमिषाला लागत नाहीत, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. शेवाळ, गाळ आणि वनस्पती खाणारी मासळी कणकेच्या गोळ्यावरही येते. शिंगाळा, मरळ आणि वाम हे मांसाहारी मासे मात्र हलत्या भक्ष्याचे गिऱ्हाईक आहेत. त्यांच्यासाठी संध्याकाळी दोराला ओळीने गळ बांधून ते रात्रभर पाण्यात सोडायचे आणि पहाटे उचलायचे ही जुनी रीत होय, आणि तिच्यात गळावरचे गांडूळ, बेडकी किंवा मासळी तासन्‌तास जिवंत राहते. नैतिक प्रश्नाचे मूळ या लांबलेल्या वेळेत आहे. खाण्यासाठी मारणे ही एक गोष्ट आणि मारण्याचे साधन म्हणून जगवत ठेवणे ही दुसरी.

हा भेद भारतीय विचारात किती जुना आहे हे सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखावरून दिसते. राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या मध्याला, कोरलेल्या या लेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे, त्या यादीत काही मासेही आहेत, तीन चातुर्मासी पौर्णिमा व इतर नेमलेल्या तिथींना मासे मारू अथवा विकू नयेत असा आदेश आहे आणि कोळ्यांच्या राखीव जलाशयांनाही तोच नियम लावलेला आहे. त्याच लेखात, जिवंत प्राण्याचे पोषण जिवंत प्राण्यावर करू नये अशा अर्थाची स्वतंत्र आज्ञा येते. तिचा रोख पाळीव शिकारी प्राण्यांना जिवंत भक्ष्य घालण्याकडे असावा, गळाकडे नव्हे. तरीही जिवंत आमिषाविरुद्धचे सगळे युक्तिवाद ज्या तत्त्वावर उभे आहेत ते तत्त्व येथे राजाज्ञेच्या रूपात पहिल्यांदा भेटते, हे नाकारता येत नाही. स्तंभलेख उत्तरेतले असले तरी अशोकाची आज्ञा या भागाला अपरिचित नव्हती. सोलापूर ओलांडून भीमा कर्नाटकात शिरते, तिच्याच काठी सन्नती येथे अशोकाचे लेख सापडले आहेत; आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सोपारा येथे 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना ज्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, त्या लेखाचा विषयच मुळी राजांच्या शिकारीच्या करमणूकयात्रा सोडून धर्मयात्रा स्वीकारण्याचा आहे. करमणुकीसाठी जीव घेणे आणि पोटासाठी जीव घेणे यांतील फरक पुढच्या साऱ्या चर्चेत पुन्हा पुन्हा येतो, म्हणून सोपाऱ्याच्या लेखाचे महत्त्व येथे अधिक आहे.

या प्रश्नाचा सर्वांत सखोल विचार जैन ग्रंथकारांनी केला, आणि त्या विचाराचे आधुनिक काळातील एक केंद्र सोलापूर हे आहे. येथील जैन संस्कृति संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत 1949 मध्ये कृष्णकांत हंदिकी यांचा 'यशस्तिलक अँड इंडियन कल्चर' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. सोमदेवसूरींनी 959 मध्ये, राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळात, पूर्ण केलेल्या 'यशस्तिलक' या संस्कृत चंपूकाव्याचा, म्हणजे गद्यपद्यमिश्रित काव्याचा, तो अभ्यास आहे. यशस्तिलकाच्या शेवटच्या भागात श्रावकाचार, म्हणजे गृहस्थांनी पाळावयाचे आचारनियम, सांगितले आहेत आणि अहिंसेच्या विवेचनात मासेमार दोन वेगवेगळ्या प्रकारे अवतरतो. एका ठिकाणी सोमदेव असे मांडतात की मासेमाराच्या हातून एकही जीव मेला नाही तरी तो पापी ठरतो आणि शेतकऱ्याच्या नांगराखाली असंख्य जीव मेले तरी तो तसा ठरत नाही, कारण पहिल्याचे चित्त मारण्यावर आणि दुसऱ्याचे पीक घेण्यावर असते. हेतूवरून कृतीचे मोल ठरवण्याचा हा सिद्धान्त तर्काच्या दृष्टीने भक्कम आहे; पण तो मासेमारावर अन्याय करतो असे स्पष्ट म्हणावे लागते. नांगराच्या फाळाने चिरलेले गांडूळ आणि गळात ओवलेले गांडूळ यांच्या वेदनेत फरक नाही, आणि मासेमाराचे चित्तही मारण्यावर नसून घरच्या चुलीवर असते, ही गोष्ट सिद्धान्त मांडणाऱ्याने विचारात घेतलेली नाही.

तरीही त्याच ग्रंथात मृगसेन धीवराची कथा आहे, आणि ती वेगळे काही सांगते. हा धीवर, म्हणजे कोळी, एका मुनींना भेटतो. मुनी त्याला व्यवसाय सोडायला सांगत नाहीत. जाळ्यात पहिल्यांदा जो जीव येईल तो सोडून द्यावा, एवढेच व्रत त्याला देतात. त्या दिवशी एकच मासा पुन्हा पुन्हा जाळ्यात येतो, धीवर तो दर वेळी सोडतो आणि रिकाम्या हातांनी घरी परततो. बायको दार उघडत नाही, तो बाहेरच झोपतो आणि सर्पदंशाने मरतो. पुढच्या जन्मी तो श्रेष्ठिपुत्र धनकीर्ती होतो आणि ज्या माशाला त्याने पाच वेळा सोडले त्याच्या पुण्याने पाच वेळा मृत्यूच्या संकटातून वाचतो. दहाव्या शतकातील हरिषेणाच्या बृहत्कथाकोशातही ही कथा आढळते. कथेचा चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी तिच्यातली दृष्टी मोलाची आहे, कारण धंदा करणाऱ्याला पाळता येईल एवढाच नियम तिने घातला आणि त्या नियमाची किंमत त्याचे घर कशी मोजते हेही झाकून ठेवले नाही. रिकाम्या टोपलीमुळे बंद झालेले दार हा मासेमारीच्या नीतिशास्त्रातला असा तपशील आहे, जो नंतरच्या उपदेशकांनी बहुधा विसरून टाकला.

सोमदेवांनंतर सुमारे एकशेसत्तर वर्षांनी चित्र पालटते. आजचे सोलापूर ज्यांच्या राज्यात मोडत होते त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने शके 1051, म्हणजे इसवी सन 1129 च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा शंभर अध्यायांचा कोशग्रंथ सिद्ध केला आणि त्यातील राजाच्या करमणुकींच्या भागात 'मत्स्यविनोद' हा अध्याय घातला. गळाची काठी, दोरी, काटा, तिसाहून अधिक प्रकारचे मासे, त्यांची राहण्याची ठिकाणे आणि कोणत्या माशाला कोणते खाद्य द्यावे याचे त्यात बारीक वर्णन आहे; एखाद्या जागी रोज खाद्य टाकून मासे तेथे सवयीचे करावेत आणि मग गळ टाकावा, ही युक्तीही त्यात येते. भारतीय मत्स्यशास्त्राचे एक अध्वर्यू सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या अध्यायाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. गळाने मासे धरणे हा येथे उघडपणे राजाचा विनोद आहे, आणि आमिषाच्या जीवाचे काय होते हा विचार लेखकाच्या मनाला शिवतही नाही. या ग्रंथानंतर काही दशकांतच त्याच कल्याणीत बसवेश्वरांच्या भोवती शरणांची चळवळ उभी राहिली, दया हेच धर्माचे मूळ मानले गेले, अंबिगर चौडय्या या नावाड्याला शरणांमध्ये स्थान मिळाले आणि सोन्नलगी, म्हणजे आजच्या सोलापुरात, सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन तलाव खोदला. एकाच शतकात, एकाच प्रदेशात, पाण्याकडे पाहण्याच्या या दोन रीती शेजारी शेजारी नांदत होत्या. लोकधर्माने तिसरी रीतही जपली : महाडजवळची वाळणकोंड किंवा वाड्याजवळचे तिळसे येथील देवाच्या डोहांत गळ टाकलाच जात नाही आणि तेथले मासे भाविकांच्या हातचे खाद्य घेतात.

इंग्रजी अमदानीत करमणुकीचा गळ पुन्हा प्रतिष्ठित झाला. आयझॅक वॉल्टन याच्या 1653 च्या प्रसिद्ध पुस्तकात जिवंत बेडूक गळाला कसा लावावा याचे धडे आहेत, आणि त्यावरून कवी बायरन याने एकोणिसाव्या शतकात त्याच्यावर क्रौर्याचा आरोप केला होता. पण तो वाद येथे आला नाही, काठी आणि गळ तेवढे आले. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याचे 1873 चे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक त्या छंदाचा मार्गदर्शक ठरले.

स्वतंत्र भारताने 1960 मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम केला, तेव्हा प्राणी या संज्ञेत माणूस वगळता प्रत्येक सजीव घेतला, म्हणजे मासा आणि गांडूळही घेतले. त्याच्या अकराव्या कलमात, केवळ मनोरंजनासाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचे भक्ष्य व्हावे अशा रीतीने बांधून ठेवणे हा अपराध ठरवला आहे आणि वाघासाठी जनावर बांधण्याचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. माणसाच्या अन्नासाठी केलेल्या वधाला मात्र, अनावश्यक वेदना दिली नसेल तर, सूट आहे. आठव्या शिलालेखातला भेद येथे कायद्याच्या शब्दांत उतरला, असे म्हणण्यास हरकत नाही. बेडकी गळाला ओवून तलावाकाठी सुटीचा दिवस घालवणाऱ्याला हे कलम लावता येईल, हा त्याचा सरळ अर्थ आहे. जर्मनी आणि आयर्लंडसारख्या देशांनी तर गोड्या पाण्यात जिवंत मासा आमिष म्हणून वापरणे वेगळ्या नियमांनी बंद केले आहे.

उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाल्यावर सोलापूरच्या मासेमारीचे स्वरूपच बदलले. कटला, रोहू, मृगळ या गंगेच्या खोऱ्यातील माशांचे बीज जलाशयात सोडले गेले, चिलापीही उदंड वाढली, आणि हे मासे जाळ्याने निघत असल्यामुळे ज्यांचे पोट या पाण्यावर आहे त्यांना जिवंत आमिषाची गरज फारशी उरली नाही. त्यांच्यापुढचा खरा प्रश्न बारीक आसाच्या, म्हणजे लहान छिद्रांच्या, जाळ्यांनी पिल्ले उपसली जाण्याचा आहे. दुसरीकडे, संशोधक लिन स्नेडन यांनी 2003 मध्ये ट्राउट माशांच्या ओठांवर केलेल्या प्रयोगांत वेदनाग्राही चेतातंतू आढळले आणि वेदनाशामक दिल्यावर माशांचे वर्तन पूर्ववत होऊ लागल्याचे दिसले. काही शास्त्रज्ञांना हा निष्कर्ष मान्य नसला तरी माशाला काही जाणवत नाही असे ठामपणे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. गांडुळाबद्दलचा निर्णय अजून खुला आहे. बेडूक आणि मासे यांच्याबद्दल मात्र तो घेता येतो : पोटासाठी दोर लावणाऱ्या भोयाला या प्रश्नावरून बोल लावण्याचा अधिकार त्याची मासळी चवीने खाणाऱ्या समाजाला नाही, आणि छंदासाठी जिवंत बेडकी किंवा मासळी गळाला लावणाऱ्याला, कणकेचा गोळा आणि मेलेले आमिष हाताशी असताना, कोणतेही समर्थन उरत नाही.