लहान चणीचा जगज्जेता

मल्ल म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर धिप्पाड पुरुष उभा राहतो. ५६ किलोंचा माणूस जगज्जेता असू शकतो, हे बुद्धीला पटते; मन मात्र कुरकुरते. डिमेट्रियस जॉन्सन या अमेरिकन मल्लाची हकीकत मला सांगावीशी वाटते ती यासाठीच. समोरच्या प्रतिस्पर्ध्याला त्याने अनेकदा लोळविले. ही कुरकुर मात्र त्याला चीत करता आली नाही.

मिश्र युद्धकला हा खेळ जाळीच्या पिंजऱ्यात चालतो. त्यात कुस्तीची पकड, मुष्टियुद्धाचे ठोसे, लाथा आणि जुजुत्सूचे पेच, सारे एकत्र येते. जॉन्सनचा जन्म १९८६ चा. आई कर्णबधिर, घरची परिस्थिती ओढगस्तीची. वॉशिंग्टन राज्यात शाळेत तो कुस्ती शिकला. पुढे गोदामात नोकरी करीत तो सराव करी. त्या वेळी 'यूएफसी' या मोठ्या संस्थेत त्याच्या वजनाचा गटच नव्हता! त्यामुळे ६१ किलोंच्या मल्लांशी त्याला झुंजावे लागे. १ ऑक्टोबर २०११ रोजी त्या गटाच्या विजेतेपदासाठी तो डॉमिनिक क्रूझशी लढला आणि हरला.

२०१२ साली ५६.७ किलोंचा गट निघाला. २२ सप्टेंबर रोजी टोरोंटोत जोसेफ बेनाविदेझला नमवून जॉन्सन त्याचा पहिला विजेता झाला. मग त्याने ओळीने ११ वेळा ते पद राखले. असा पराक्रम त्या संस्थेत तोवर कोणीच केला नव्हता. एप्रिल २०१५ मध्ये मॉन्ट्रियल येथे क्योजी होरिगुचीला त्याने हाताच्या पेचात धरले, तेव्हा पाचव्या फेरीचा अवघा १ सेकंद उरला होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये तर रे बोर्गला उचलून आपटता आपटता, अधांतरीच त्याचा हात धरला आणि शरण आणले. यापरते कसब ते कोणते?

पण वाचकहो, तिकिटे खपत ती दांडग्यांच्या नावावर! गटच बंद करण्याची धमकी आपल्याला देण्यात आली, असे जॉन्सनने २०१७ साली जाहीरपणे सांगितले. ४ ऑगस्ट २०१८ रोजी लॉस एंजेलिसला हेन्री सेहुडोने, पंचांच्या दोन विरुद्ध एक अशा कौलाने, त्याचे पद घेतले. हा सेहुडो २००८ च्या ऑलिंपिकचा कुस्तीतील सुवर्णपदकविजेता. त्याला जॉन्सनने २०१६ साली पहिल्याच फेरीत गारद केले होते. पाठोपाठ बाजारात बैलांची अदलाबदल व्हावी तशी, बेन ॲस्क्रेनच्या बदल्यात जॉन्सनची रवानगी आशियातील 'वन चॅम्पियनशिप'कडे झाली.

तेथे गडी नव्याने उभा राहिला. एप्रिल २०२१ मध्ये आद्रियानो मोराइसच्या गुडघ्याच्या तडाख्याने तो कोसळला. कारकिर्दीत असे प्रथमच घडले. पण ऑगस्ट २०२२ मध्ये सिंगापूरला त्याने त्याच मोराइसला गुडघ्याच्याच प्रहाराने आडवे केले आणि विजेतेपद मिळविले. मे २०२३ मध्ये तिसऱ्यांदाही तोच जिंकला. सप्टेंबर २०२४ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, विजेता असतानाच त्याने निवृत्ती जाहीर केली.

मला वाटते, दांडग्याच्या एका ठोशाने खेळ आटोपतो, तेव्हा आपण बळ पाहतो. डाव पाहायला उसंतच मिळत नाही. लहान चणीच्या मल्लाला मात्र पाचही फेऱ्या डावावर डाव रचावा लागतो. पाहणाऱ्याने तेवढा वेळ दिला, तर विद्या म्हणजे काय ते उमगते. जॉन्सनने ती ओतली होती. तिकिटांच्या खिडकीपाशी मात्र तिला गिऱ्हाईक थोडे.