शरीराबाद परगण्यातला विनोद

इतिहासाच्या व्याख्यानात आज कार्टून कुठून आलं, असं तुम्हांला वाटेल. पण प्रश्न इतिहासाचाच आहे. विनोद ज्याच्याकडे बोट दाखवतो ती गोष्टच लोक विसरले, तर त्या विनोदाचं काय होतं?

'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेचा 'केप फिअर' हा भाग ७ ऑक्टोबर १९९३ रोजी प्रसारित झाला. तुरुंगातून सुटलेला साइडशो बॉब लहानग्या बार्टच्या जिवावर उठतो, एवढीच गोष्ट. पण ती उभी आहे १९९१ च्या मार्टिन स्कॉर्सेसीच्या चित्रपटावर. तो चित्रपट १९६२ च्या चित्रपटावर, आणि तो १९५७ च्या एका कादंबरीवर. शेवटी बार्ट मरण लांबवण्यासाठी बॉबला गायला लावतो ते १८७८ चं एक इंग्रजी संगीत नाटक! म्हणजे वीसेक मिनिटांत शंभराहून अधिक वर्षांचा माल भरलेला.

आपल्याकडचं बघा. 'मोटू पतलू'मधला इन्स्पेक्टर चिंगम रजनीकांतच्या पडद्यावरच्या रुबाबाची आठवण करून देतो. रजनीकांतचा एकही चित्रपट न पाहिलेलं पोरगं त्याला खळखळून हसतं. त्याच्या शेजारी बसलेले आजोबाही हसतात, पण ते वेगळ्या गोष्टीला. एकाच विनोदाचे असे दोन मजले असतात. काळ जातो तसा वरचा मजला आधी ढासळतो.

आता आपल्या घराकडे येऊ. संत एकनाथांचं पैठण इथून पन्नासेक किलोमीटर. नाथांचं निधन १५९९ चं. आपलं हे शहर मलिक अंबरनं 'खडकी' म्हणून वसवलं ते १६१० मध्ये, म्हणजे नाथांनी ते पाहिलेलंच नाही. पण दौलताबाद होतं. परंपरा सांगते, की नाथांचे गुरू जनार्दनस्वामी त्या किल्ल्यावर अधिकारी होते आणि हिशेबातली एका पैची चूक शोधण्यासाठी नाथांनी तिथे रात्र जागून काढली. कथा म्हणूनच घ्या, पण नाथांना दफ्तराची भाषा किती मुरलेली होती, हे त्यांच्या भारुडांतच दिसतं.

त्यांचं 'अर्जदस्त' हे भारूड म्हणजे सरकारदरबारी लिहिलेल्या अर्जाची हुबेहूब नक्कल. परगणा कोणता? शरीराबाद. किल्ला? कायापुरी. तिथले मानकरी कोण, तर दंभाजी शेटे, कामाजी महाजन, क्रोधाजी नाईकवाडी, ममताई देशपांडीण! जीव बिचारा शेखदार. तो कारभार सुरू करायला जातो आणि ही मंडळी त्याला काही करू देत नाहीत. दौलताबादच्या पंचक्रोशीत 'शरीराबाद' ऐकून लोक कसे हसले असतील, विचार करा.

इतिहासकाराला यातून काय मिळतं? राजाच्या बखरीत राजा असतो. विनोदात मात्र श्रोत्याच्या रोजच्या ओळखीचं जग असतं, कारण ओळख पटल्याशिवाय हसू फुटत नाही. परगण्यात कोण कोणाची अडवणूक करतं, अर्ज कसा लिहितात, हे साध्या श्रोत्याला ठाऊक होतं, म्हणून हे भारूड चाललं. पण एक सावधगिरी हवी. भारूड तोंडोतोंडी, वहीतून वहीत आलं आहे. प्रत्येक शब्द सोळाव्या शतकाचाच, असं धरून चालता येत नाही.

अ‍ॅन वॉशबर्न यांचं 'मिस्टर बर्न्स' हे नाटक २०१२ मध्ये आलं, त्यात नेमकं हेच दिसतं. जगातली वीज गेली आहे, माणसं शेकोटीभोवती बसून तोच 'केप फिअर' भाग आठवताहेत. पंचाहत्तर वर्षांनी त्याचं जवळजवळ धार्मिक नाट्य झालेलं असतं. खलनायकसुद्धा बदललेला! आठवण टिकते, पण बदलून टिकते.

आणि एक अवघड गोष्ट. विनोदाबरोबर अपमानही टिकतो. नाथांनी 'जोहार' महाराच्या तोंडून लिहिले आणि त्याच्या मुखी ज्ञान दिलं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हे. तरी जोहार हा वाकून करायचा नमस्कार होता, आणि लिहिणारा हात ब्राह्मणाचा होता. आंबेडकरी चळवळीनं जोहार टाकला, 'जय भीम' स्वीकारलं. 'सिम्पसन्स'मधल्या अपू या भारतीय दुकानदाराला आवाज होता हँक अझारिया या गोऱ्या नटाचा. हरी कोंडाबोलू यांनी २०१७ च्या माहितीपटात त्यावर बोट ठेवलं. २०२० मध्ये अझारियांनी ते काम सोडलं. दोन्ही उदाहरणं सारखी नाहीत. नाथांची करुणा कार्टूनच्या थट्टेत शोधू नये. पण प्रश्न एकच: हसतं कोण, आणि आवाज कोणाचा उसना घेतलेला आहे?

म्हणून आपली विनंती एवढीच. येत्या नाथषष्ठीला पैठणला भारूड ऐकाल, तेव्हा हसू कुठे फुटतं हे पाहा. आणि भारूडकरी ज्या शब्दावर थांबला, पण कोणीच हसलं नाही, तो शब्द लिहून ठेवा. तिथेच कुठलं तरी हरवलेलं जग दडलेलं असतं. पुढच्या वेळी ते शब्द घेऊन या, आपण मिळून उलगडू.