कलावंताच्या यंत्राचा विमा

विमा हा विषय तसा रुक्ष. त्यांतून तो गाण्याबजावण्याशीं जोडून मी सांगूं लागलों, तर आपणांपैकीं कांहीं जण रेडिओचा कान पिळण्याचा संभव आहे. परंतु मीं हा विषय हेतुपुरस्सर निवडला आहे. कोल्हापूरला कलापूर म्हणतात, आणि येथल्या कलेचा इतिहास लिहितांना आपण नटांचीं, गवयांचीं, दिग्दर्शकांचीं नांवें मोठ्या प्रेमानें घेतों. ज्या यंत्रांवांचून ही कला लोकांपर्यंत पोंचली नसती तीं कोणीं आणलीं, कोणाच्या पैशानें आणलीं आणि तीं जळालीं किंवा भिजलीं तेव्हां त्यांची भरपाई कोणीं केली, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आज तेंच विचारावयाचें आहे.

विमा ही कल्पना साहेबाबरोबर आली असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. इकडच्या सावकारी पेढ्यांवर पूर्वीं 'जोखमी हुंडी' नांवाचा एक प्रकार चाले. दूरच्या बंदरीं माल पाठविणारा व्यापारी त्या मालावर हुंडी लिही, आणि माल सुखरूप पोंचला तरच ती हुंडी भरावयाची असा तिचा करार असे. गलबत बुडालें तर हुंडीहि बुडाली. म्हणजे हुंडी विकत घेणारा सावकार मालाबरोबर समुद्राचाहि धोका विकत घेई, आणि त्या धोक्याबद्दल कसर आधींच कापून ठेवी. आजच्या विम्याचें सारें तत्त्व त्या कसरींत सांठलेलें आहे. आपल्या गृहिणींना हेंच तत्त्व भिशीच्या भाषेंत सांगतां येईल. फरक एवढाच कीं भिशींत प्रत्येकीचा नंबर केव्हांना केव्हां लागतोच. विम्याच्या भिशींत मात्र आपला नंबर लागूं नये अशीच प्रत्येकाची प्रार्थना असते. पाश्चात्य धर्तीच्या विमा कंपन्या मागाहून आल्या. जीवनविम्याची ओरिएंटल कंपनी कलकत्त्यास १८१८ सालीं निघाली, आणि मालमत्तेच्या विम्याची ट्रायटन कंपनी तेथेंच १८५० सालीं. सर्व प्रकारचा साधारण विमा उतरविणारी पहिली एतद्देशीय कंपनी, इंडियन मर्कंटाइल, निघावयाला १९०७ साल उजाडावें लागलें.

आतां कोल्हापुराकडे वळूं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे आतेमामेभाऊ. दोघे चित्रकार, नाटकांचे पडदे रंगविणारे. हलत्या चित्रांचा त्यांना ध्यास लागला आणि परदेशी कॅमेरा घेण्याची ऐपत नसल्यामुळें त्यांनीं तो येथेंच बनविण्याचें मनांत घेतलें. १९१६ सालीं आनंदराव वारले. बाबूरावांनीं काम सोडलें नाहीं. दामले यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या मदतीनें १९१८ सालीं त्यांनीं कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल पुरविलें तें तानीबाई कागलकर या कोल्हापूरच्याच गायिकेनें. 'सैरंध्री' हा कंपनीचा पहिला चित्रपट १९२० सालीं पुण्यास लागला.

या कॅमेऱ्याचा विमा उतरवावयाचा असता तर किती रकमेचा उतरविला असता? विमा कंपनीचा पहिला प्रश्न असतो, 'वस्तु कितीला घेतली?' येथें खरेदीची पावती कोठून येणार? लोखंडाचें मोल कांहीं रुपये भरलें असतें, कारागिरांच्या मजुरीचे आणखी कांहीं. पण तो कॅमेरा गेला असता तर बाजारांत त्याचा जोड मिळण्यासारखा नव्हता, आणि कंपनीचें सारें काम त्या एका पेटीवर उभें होतें. कलावंताच्या हत्याराची बाजारांतली किंमत आणि त्याच्या हातांतली किंमत यांत असलें अंतर नेहमींच असतें. गायकाचा तंबोरा घ्या, तीच गोष्ट. विम्याला मात्र पहिलीच किंमत समजते.

दुसरी अडचण फिल्मची. त्या काळची फिल्म नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे तोफेच्या दारूच्या भाऊबंदांतली. ती एकदां पेटली कीं जळण्यास लागणारा प्राणवायु ती आपल्याच पोटांतून काढते, त्यामुळें पाण्यांत बुडविली तरी विझत नाहीं. १८९७ सालच्या मे महिन्यांत पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारांत चलच्चित्रें दाखवितांना दिव्यांतल्या ईथरनें पेट घेतला आणि सव्वाशेंहून अधिक माणसें मेलीं. तेव्हांपासून चित्रपटाचा धंदा म्हटला कीं विमा कंपन्यांच्या कपाळाला आठी पडूं लागली. इंग्लंडांत १९०९ सालीं आणि हिंदुस्थानांत १९१८ सालीं चित्रपटाचे कायदे झाले, त्यांतहि आगीची धास्ती होतीच. विम्याचा हप्ता दर हजार रुपयांमागें अमुक, असा ठरतो. इमारत कशाची, शेजार कोणाचा, आंत काय सांठविलें आहे, यावर तो 'अमुक' चढतो किंवा उतरतो. कापडाच्या दुकानाला जो दर, तो नायट्रेटच्या कोठाराला कोण देणार? फिल्म मूळ इमारतीपासून दूर, पक्क्या भिंतींच्या कोठडींत ठेवावी, जवळ विडी ओढूं देऊं नये, वाळूच्या बादल्या भरलेल्या असाव्या, या गोष्टी सुरक्षिततेच्या खऱ्याच. पण त्या हप्ता उतरविण्याच्याहि युक्त्या आहेत, आणि स्वस्त विम्याचा शोध घेणाऱ्याला त्या आजहि उपयोगी पडतील.

१९३१ सालीं मुंबईंत 'आलम आरा' बोलूं लागला आणि सारा हिशेबच पालटला. १९२९ सालच्या १ जूनला कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी निघाली होती. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पांच भागीदार. बोलपटाबरोबर तिला ध्वनिमुद्रणाचीं यंत्रें आणावीं लागलीं. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'चें ध्वनिमुद्रण दामल्यांच्या हातचें आणि संगीत गोविंदराव टेंब्यांचें. मुका कॅमेरा घरीं बनवितां आला. ध्वनियंत्राचें तसें नव्हतें. मायक्रोफोन, विद्युन्नलिका, आवाजाचें चित्र फिल्मवर उमटविणारा कॅमेरा, हें सारें आगबोटीनें यावयाचें. एक नळी फुटली तर पुढली येईपर्यंत चित्रण बंद, आणि नट, वादक, सुतार, सर्वांचे पगार चालूच. नुसत्या यंत्राचा विमा असला तरी या रिकाम्या दिवसांची भरपाई कोण देणार? काम बंद पडल्यामुळें होणाऱ्या तोट्याचा विमा वेगळा असतो, हें पुष्कळांना तोटा झाल्यावरच समजतें.

प्रभात १९३३ सालीं पुण्यास गेली. त्याच सुमारास राजाराम महाराजांच्या आश्रयानें कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली. तिचा १९३४ चा, भालजी पेंढारकरांनीं दिग्दर्शित केलेला बोलपट 'आकाशवाणी' या नांवाचा होता, हें नभोवाणीवरून बोलतांना सांगण्याचा मोह आवरत नाहीं; ऑल इंडिया रेडिओनें हें नांव धारण केलें तें पुष्कळ वर्षांनंतर. हाच स्टुडिओ पुढें भालजींकडे आला आणि 'जयप्रभा' या नांवानें प्रसिद्ध झाला.

विमापत्राचें पहिलें पान सगळे वाचतात. त्याचा खरा अर्थ मात्र मागच्या बारीक अक्षरांत असतो. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत 'फोर्ट स्टिकीन' या बोटीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला. तिच्यावर कापूसहि होता आणि सोन्याच्या विटाहि होत्या. सातशेंहून अधिक माणसें दगावलीं, गुदामेंच्या गुदामें जळालीं. व्यापाऱ्यांनीं आगीचीं विमापत्रें पुढें केलीं, तेव्हां वाद निघाला कीं ही आग कीं स्फोट? आगीच्या विम्यांत स्फोटाचें नुकसान धरलेलें नसे, आणि युद्धजन्य धोका तर निराळाच. शेवटीं सरकारला अध्यादेश काढून भरपाईचा भार उचलावा लागला. स्फोटाप्रमाणेंच दंगलहि त्या काळच्या साध्या अग्निविम्याच्या बाहेर असे. ती आंत आणावयाची तर जादा हप्ता देऊन पुरवणी जोडून घ्यावी लागे.

हें ध्यानांत ठेवून १९४८ सालाकडे पाहा. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलींत कोल्हापुरांत जयप्रभा स्टुडिओ जाळण्यांत आला. भालजींच्या 'मीठभाकर' या चित्रपटाचें झालेलें काम त्यांत गेलें. भालजींनीं कर्ज काढून स्टुडिओ पुन्हा उभारला आणि 'मीठभाकर' पुन्हा चित्रित करून १९४९ सालीं तो पडद्यावर आणला. ही जिद्द आपण वाखाणतों, वाखाणावी अशीच ती आहे. पण कर्ज जिद्दीला ओळखत नाहीं. त्या ओझ्याखालून भालजी लवकर मोकळे झाले नाहींत आणि पुढें स्टुडिओची मालकी त्यांच्याकडे राहिली नाहीं. तो लता मंगेशकर यांनीं घेतला. मला वाटतें, कोल्हापूरच्या चित्रसृष्टीला ओहोटी लागली ती केवळ मुंबईच्या ओढीनें नव्हे. एका रात्रींत भस्म झालेलें भांडवल पुन्हा उभें करण्याची सोय आपल्याकडे नव्हती, हेंहि तिचें एक कारण आहे.

भांडवल निदान पुन्हा जमवितां येतें. फिल्मवर जें उमटलेलें असतें त्याचें काय? विम्याच्या रूढ नियमांत हस्तलिखितें, आराखडे आणि असले लेख स्पष्ट उल्लेख करून घेतल्यावांचून धरले जात नाहींत, आणि धरले तरी सहसा कोऱ्या वस्तूच्या किंमतीनें. पुण्यास प्रभातच्या जुन्या जागेंत आतां फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तेथील कोठारांत ८ जानेवारी २००३ रोजीं आग लागली आणि प्रभातच्या कांहीं चित्रपटांचें नायट्रेटवरचें जुनें साहित्यहि तींत जळालें. त्याची किंमत रुपयांत सांगणारा मनुष्य मला अजून भेटावयाचा आहे. आणि कोल्हापूरच्या रसिकांना तर ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र सांगावयास नकोच. शाहू महाराजांनीं बांधविलेलें आपलें केशवराव भोसले नाट्यगृह त्या रात्रीं डोळ्यांदेखत जळालें.

१९७३ च्या आरंभापासून साधारण विम्याचा धंदा सरकारी झाला. शतकाच्या अखेरीस तो पुन्हा खाजगी कंपन्यांना मोकळा झाला. स्टुडिओहि पालटला. ज्याला पूर्वीं मोठी इमारत लागे तें काम आज एका खोलींत होतें. दोन चांगले मायक्रोफोन, एक संगणक, ध्वनि आंतबाहेर नेणारी एक पेटी आणि भिंतींना कापूस किंवा फोम. कोल्हापुरांत भावगीतांचीं, पोवाड्यांचीं, जाहिरातींचीं मुद्रणें अशा खोल्यांत होतात. माझ्या परिचयाच्या एका तरुण ध्वनिमुद्रकाची अशीच खोली नदीकडच्या वस्तींत तळमजल्यावर होती. चोरीच्या भयानें त्यानें चोरीचा विमा उतरविला, आणि २०१९ च्या ऑगस्टांत चोराऐवजीं पंचगंगा आली. विमापत्र खरें होतें, हप्ता भरलेला होता. पण पुराचा शब्द त्यांत नव्हता. घरगुती विम्यावर विसंबणाऱ्यांनींहि सावध असावें. घरांत धंदा चालत असेल तर धंद्याचें सामान त्या विम्यांत बहुधा येत नाहीं.

स्वस्ताच्या लोभानें आणखी एक चूक होते. दोन लाखांच्या सामानाचा विमा लोक एक लाखाचा उतरवितात. नुकसान पन्नास हजारांचें झालें तर आपणांस पन्नास हजार मिळतील अशी त्यांची समजूत असते. मिळतात पंचवीस हजार, कारण उरलेल्या अर्ध्या जोखमेचे आपणच विमेदार ठरतों. त्यापेक्षां किंमत पुरी लिहावी आणि लहानसहान नुकसान आपण सोसूं असें कबूल करून हप्ता उतरवून घ्यावा. जुन्या यंत्राची घसारा वजा जातां उरणारी किंमत हवी कीं नवें यंत्र घेण्याचा खर्च हवा, हेंहि आधींच ठरवून लिहून घ्यावें. १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठीं 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या नांवाचें एकाच नमुन्याचें विमापत्र देशभर मिळतें. एका जागेंतील मालमत्ता पांच कोटींपर्यंत असेल तर तें घेतां येतें. आग, पूर आणि दंगल हीं तिन्ही त्यांत येतात, आणि किंमत लिहितांना शेंकडा पंधरापर्यंत कमी पडली तरी भरपाई कापली जात नाहीं. बाहेरगांवीं मुद्रणाला नेण्याचीं यंत्रें आणि आंतून जळणाऱ्या विजेच्या वस्तू यांसाठीं मात्र इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा निराळा विमा पाहावा लागतो.

विमा उतरवितांना प्रत्येक यंत्राचा क्रमांक आणि पावतीची नक्कल एका वहींत लिहून ती वही स्टुडिओंत न ठेवतां दुसऱ्याच्या घरीं ठेवावी. केलेल्या मुद्रणांची एक प्रतहि तिच्याच शेजारीं असावी.