जोडविमान प्रवास आणि चेक-इन सामान (खानदेश)

जोडविमान प्रवास : एका विमानाने मधल्या विमानतळावर उतरून दुसऱ्या विमानाने पुढे जाण्याचा प्रवास. मधल्या थांब्याला लेओव्हर म्हणतात. जळगाव-धुळ्याच्या प्रवाशाला विमानाने परदेशी जायचे तर बहुधा असा जोड घ्यावा लागतो. जोड निवडताना थांबा किती तासांचा, याच्याही आधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात : दोन्ही उड्डाणे एकाच पीएनआरवर (आरक्षण क्रमांकावर) आहेत का आणि बॅगेचा टॅग कुठपर्यंतचा आहे.

खानदेशातील स्थिती : जळगाव विमानतळाचे नूतनीकरणानंतरचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते 2012 मध्ये झाले. ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर 2017 मध्ये एअर डेक्कनने व 2019 मध्ये ट्रूजेटने सेवा सुरू केली. दोन्ही पुढे बंद पडल्या. 2024 पासून फ्लाय91 आणि अलायन्स एअर यांच्या एटीआर विमानांनी गोवा, हैदराबाद, पुणे व मुंबई ही शहरे जळगावला जोडली गेली. धुळ्याजवळच्या गोंदूर धावपट्टीवरून नियमित प्रवासी सेवा नाही. धुळेकरांना जळगाव, ओझर (नाशिक), छत्रपती संभाजीनगर किंवा सुरत गाठावे लागते. जळगावची काही उड्डाणे आठवड्यातून ठरावीक दिवशीच असतात. त्यामुळे परतीचा जोड हुकला, तर पुढचे विमान त्याच दिवशी मिळेल याची खात्री नसते.

एक तिकीट : दोन्ही उड्डाणे एका पीएनआरवर असतील आणि विमान कंपन्यांत सामान पुढे पाठवण्याचा करार असेल, तर बॅग पहिल्याच काउंटरवर शेवटच्या मुक्कामापर्यंत टॅग होते. टॅगवर विमानतळांची तीन अक्षरी सांकेतिक नावे असतात : जळगावचे जेएलजी, मुंबईचे बीओएम. पावतीवर शेवटचे नाव अपेक्षित विमानतळाचेच आहे ना, हे काउंटर सोडण्यापूर्वी वाचावे. प्रत्येक विमानतळासाठी किमान जोडवेळ ठरलेली असते आणि एका तिकिटावर तिच्यापेक्षा कमी वेळाचा जोड सहसा विकला जात नाही. पहिले विमान उशिरा आल्याने पुढचे हुकल्यास प्रवाशाला पुढच्या उड्डाणात बसवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. परदेशातून येताना मात्र भारतातील पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन उरकून, पट्ट्यावरची बॅग घेऊन कस्टममधून बाहेर पडावे लागते व ती पुन्हा जमा करावी लागते.

दोन तिकिटे : स्वतंत्र तिकिटे घेतली, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी पहिले उड्डाण नसतेच. बॅग पट्ट्यावरून घेऊन नव्याने चेक-इन करावी लागते. देशांतर्गत काउंटर साधारणतः सुटण्याच्या 60 मिनिटे आधी बंद होतो. उदाहरणार्थ, मुंबईत 10 वाजता उतरलेल्या प्रवाशाची बॅग साडेदहाला हाती आली आणि टर्मिनल बदलण्यात पाऊण तास गेला, तर सव्वाबाराच्या आधीचे विमान कागदोपत्रीही मिळत नाही. पहिल्या विमानाला झालेला उशीर यात धरलेलाच नाही. मुंबईचे टर्मिनल 1 आणि 2 आतून जोडलेले नाहीत. बाहेर पडूनच जावे लागते. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून तिकिटावर नेमका कोणता विमानतळ आहे, हेही तपासावे लागते. वजनाचा हिशेबही वेगळा : देशांतर्गत स्वस्त तिकिटावर बहुधा 15 किलो चालतात, तर अमेरिकेच्या तिकिटावर अनेकदा 23 किलोच्या दोन बॅगा. जादा वजनाचे पैसे जळगावलाच मोजावे लागतात.

सामान मागे राहण्याची कारणे : विमानतळ-तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सिटा या संस्थेच्या अहवालानुसार 2024 मध्ये जगभर दर हजार प्रवाशांमागे 6.3 बॅगांबाबत गोंधळ झाला आणि उशिरा पोचलेल्या बॅगांपैकी 41 टक्के विमान बदलताना अडकल्या. प्रवासी धावत दार गाठतो, बॅग मात्र दुसऱ्या विमानात चढवली जाईपर्यंत वेळ उरत नाही. एक्स-रे तपासणीत संशय आला तर बॅग बाजूला काढली जाते. खानदेशी काळ्या मसाल्यासाठी नेलेले अख्खे सुके खोबरे तेलामुळे ज्वलनशील मानले जाते व चेक-इन बॅगेत चालत नाही. पॉवर बँकही तिथे ठेवता येत नाही. पापड-बिबड्यांना अशी अडचण नाही, पण पोचण्याच्या देशाचे नियम पाहावेत.

भरपाई : बॅग न आल्यास विमानतळ सोडण्यापूर्वीच तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला 1999 चा माँट्रियल करार लागू होतो; भारत त्यात 2009 मध्ये सामील झाला. मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून 7 दिवसांत, उशिराची 21 दिवसांत करावी लागते. 21 दिवसांत न आलेली बॅग हरवली असे धरता येते.

निवड : मौल्यवान वस्तू, औषधे व कागदपत्रे हातातल्या बॅगेत ठेवावीत. एक तिकीट मिळत असेल तर दोन तासांचा थांबाही चालू शकतो. दोन तिकिटे असतील व बॅग जमा करायची असेल, तर देशांतर्गत जोडाला किमान चार तास ठेवावेत. आंतरराष्ट्रीय उड्डाण गाठायचे असल्यास आदल्या रात्रीची जळगाव–मुंबई रेल्वे (सुमारे 420 किमी) किंवा धुळ्याहून मुंबई–आग्रा महामार्गाने जाणारी बस हाच अधिक भरवशाचा पर्याय ठरतो.