मालकाने स्वतः चालवावयाचे जेट विमान

मोटारगाडी नवीन होती तेव्हा ती बाळगणारा मनुष्य सोबत ती हाकणारा नोकरही बाळगीत असे. पुढे गाड्या साध्या आणि स्वस्त झाल्या, तसा मालक स्वतःच गाडी हाकू लागला. रस्त्यावर घडले ते आकाशातही घडेल, अशी आशा विमाने बांधणाऱ्यांनी फार पूर्वीपासून बाळगली आहे. पंख्याच्या लहान विमानांच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी ठरली. अमेरिकेत डॉक्टर, शेतकरी, व्यापारी आपापली विमाने चालवितात. जेट विमानाच्या बाबतीत मात्र या आशेला अर्धशतकाहून अधिक काळ वाट पाहावी लागली. या दिरंगाईचे कारण कोणी एंजिनात शोधले, कोणी किमतीत शोधले. इतिहास नीट पाहिला तर आणखी एक कारण दिसते, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

कथेचा आरंभ फ्रान्समध्ये होतो. मोरान-सोल्निये या कारखान्याचे 'पॅरिस' नावाचे चार आसनांचे जेट विमान २९ जुलै १९५४ रोजी प्रथम उडाले. वैमानिकांच्या शिक्षणासाठी आखलेल्या एका विमानाचेच ते वाढविलेले रूप होते. बीचक्राफ्ट कंपनीने १९५५ साली ते अमेरिकेत फिरवून दाखविले. लोकांनी कौतुक केले, पण खरेदीस कोणी फारसे पुढे आले नाही. बहुतेक 'पॅरिस' विमाने अखेर फ्रान्स, ब्राझील, अर्जेंटिना यांच्या सैन्यांकडेच गेली. त्या काळचे साधे जेट एंजिन इंधन पिण्यात मोठे खादाड होते. थोडी हवा फार वेगाने मागे फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा बेताच्या वेगाने लोटली, तर तेवढाच जोर कमी इंधनात मिळतो. परंतु त्यासाठी एंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा बसवावा लागतो, आणि हा सारा व्याप लहान आकारात साधणे अतिशय कठीण होते.

ते कठीण काम सॅम विल्यम्स या अमेरिकन एंजिनियरांनी अंगावर घेतले. १९५५ साली त्यांनी मिशिगन राज्यात स्वतःची कंपनी काढली. त्यांच्या छोट्या पंखायुक्त एंजिनाला पहिले मोठे काम मिळाले ते युद्धखात्याकडून; अमेरिकेच्या क्रूझ क्षेपणास्त्रात ते बसविले गेले. पण क्षेपणास्त्राचे एंजिन एकदाच चालावयाचे असते, माणसे नेणाऱ्या विमानाचे एंजिन हजारो तास चालावे लागते. हे अंतर तोडून विल्यम्स यांची मोठी एंजिने १९९१ साली सेसना कंपनीच्या 'सायटेशनजेट' विमानात उडाली. त्यानंतर नासा या सरकारी संस्थेच्या साह्याने त्यांनी त्याहून कितीतरी लहान एंजिन हाती घेतले. अशा एंजिनांवर कसले विमान उडू शकेल हे दाखविण्यासाठी बर्ट रुटान यांच्या कंपनीने एक नमुना बांधला. १९९७ साली विस्कॉन्सिनमधील ऑशकॉशच्या विमानमेळ्यात तो लोकांसमोर उडाला.

तो नमुना पाहून ज्यांच्या मनाने उचल खाल्ली, त्यांत व्हर्न रेबर्न हे प्रमुख होते. मायक्रोसॉफ्ट कंपनीत काम केलेल्या या गृहस्थांनी १९९८ साली 'इक्लिप्स' कंपनी स्थापन केली. विमाने महाग असतात, कारण ती थोडी बांधली जातात. हजारांनी बांधली तर ती स्वस्त होतील, असा त्यांचा हिशेब होता. सहा आसनांच्या या जेटची किंमत त्यांनी २००० साली ८,३७,५०० डॉलर जाहीर केली. जेटच्या बाजारात हा आकडा अविश्वसनीय होता. रिव्हेटा मारण्यात जाणारा वेळ वाचविण्यासाठी त्यांनी नवी रीत स्वीकारली. फिरते हत्यार पत्र्यांच्या जोडावर दाबावयाचे, घर्षणाने धातू मऊ होतो आणि न वितळताच एकजीव होतो.

२६ ऑगस्ट २००२ रोजी हे विमान न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क येथे प्रथम उडाले, आणि तीनच महिन्यांत विल्यम्स यांचे एंजिन सोडून द्यावे लागले. ते अपेक्षेस उतरले नव्हते. त्याच्या जागी प्रॅट अँड व्हिटनी कॅनडा कंपनीचे, सुमारे ९०० पौंड जोराचे एंजिन घेतले गेले. एंजिन बदलले की विमानाचे वजन, इंधन, रचना सारेच बदलते. त्यात वर्षे गेली. पूर्ण प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २००६ रोजी मिळाले. कॉलियर पारितोषिकाचा मान मात्र त्याआधीच मिळून गेला होता! किंमत वाढत वाढत २००८ साली साडेएकवीस लाख डॉलरांवर गेली. मागणीचा मोठा भाग फ्लॉरिडातील 'डेजेट' या हवाई टॅक्सी कंपनीचा होता. तिने सप्टेंबर २००८ मध्ये काम बंद केले. नोव्हेंबरमध्ये इक्लिप्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. तोवर सुमारे २६० विमाने तयार झाली होती. आगाऊ रकमा भरून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या अनेकांचे पैसे बुडाले.

इथवर ही कथा पैशाची आणि एंजिनाची आहे. परंतु त्याच वर्षी, ५ जून २००८ रोजी, शिकागोच्या मिडवे विमानतळावर एक इक्लिप्स विमान उतरत असताना वाऱ्याचा झोत आला. वैमानिकाने शक्तीचा दांडा पूर्ण पुढे लोटला. तो मागे घेतल्यावरही दोन्ही एंजिने पूर्ण जोराने चालूच राहिली. विमान पुन्हा वर नेऊन, पुस्तिका चाळून, एक एंजिन बंद करण्यात आले. दुसरे मंद झाले ते पुन्हा जोर घेईना. अशा स्थितीत विमान उतरले, चाके फुटली, पण चौघेही सुखरूप राहिले. त्या दिवशी विमानात दोन वैमानिक होते. मालक एकटा असता तर विमान सांभाळणे आणि पुस्तिका चाळणे ही दोन्ही कामे त्याच्या दोन हातांना करावी लागली असती.

जेटची कार्यक्षमता उंचीवर असते आणि धोकाही तेथेच असतो. इक्लिप्स ४१,००० फुटांवर जाई. तेथे विमानातील हवेचा दाब गेला तर मनुष्याला शुद्धीने काही करावयास पंधरा-वीस सेकंदच मिळतात. २८,००० फुटांवर हाच अवधी अडीच-तीन मिनिटांचा असतो.

मिनेसोटातील 'सिरस' कंपनीने आपले 'व्हिजन जेट' आखले ते जणू या हिशेबावर. कंपनीचे एक संस्थापक अ‍ॅलन क्लॅपमायर १९८५ साली हवेत झालेल्या टकरीतून पंखाचा तुकडा गमावून वाचले होते. दुसऱ्या विमानाचा वैमानिक दगावला. तेव्हापासून सबंध विमानाला उघडणारी हवाई छत्री हे त्यांच्या कंपनीचे ब्रीद झाले. ३ जुलै २००८ रोजी प्रथम उडालेल्या या जेटला पाठीवर एकच एंजिन आणि नाकात छत्री होती. मंदीत पैसा आटला. २०११ साली एका चिनी सरकारी कंपनीने सिरस विकत घेतली, तेव्हा काम पुढे सरकले. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी प्रमाणपत्र मिळाले. आरंभीच्या विमानाची उंचीची मर्यादा २८,००० फूटच होती. वेगातही ते इक्लिप्सच्या मागे होते.

या विमानातही दोष निघाले. एप्रिल २०१९ मध्ये एका संवेदक यंत्राच्या चुकीने विमानाचे नाक आपोआप खाली दाबले जाण्याचे प्रकार घडले, आणि दुरुस्तीपर्यंत सर्व विमाने जमिनीवर ठेवावी लागली. रक्षणासाठी योजलेले यंत्रच केव्हा घात करील, हे त्यावरून कळले. तरीही कंपनीने दिशा सोडली नाही. २०२० साली एक बटण आले. वैमानिक आजारी पडला तर प्रवाशाने ते दाबावे. विमान स्वतः विमानतळ निवडते आणि उतरते. सप्टेंबर २०२२ मध्ये फ्लॉरिडातील किसिमी गावाजवळ खराब हवेत या जेटची छत्री प्रथमच उघडण्यात आली. आतील तिघांचेही प्राण वाचले. २०२३ साली पाचशेवे विमान ग्राहकाच्या हाती गेले.

स्वस्त जेटचे वचन अजूनही पुरे झालेले नाही. व्हिजन जेटची पहिली किंमतही वीस लाख डॉलरांच्या घरात होती. वेग, उंची आणि किंमत यांच्या तक्त्यावर तोलले तर १९९८ साली मांडलेला बेत अधिक देखणा दिसतो. पण तो मालक रोज सावध आणि निरोगी असेल, हे गृहीत धरून मांडला होता. सिरसने असा दिवस आधीच हिशेबात धरला, ज्या दिवशी मालक चुकेल, घाबरेल किंवा मूर्च्छित पडेल, आणि त्याच्या मागच्या आसनावर त्याचीच मुले बसलेली असतील.