घरच्या बागेत पक्षी आणि फुलपाखरं कशी येतात? कोणत्या ऋतूत काय करावं, काय टाळावं

मार्च उजाडला की व्हॉट्सअॅपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो: गॅलरीत पक्ष्यांसाठी पाणी ठेवा. मेसेज चांगला आहे, पण अर्धवट आहे. पाणी कशात ठेवायचं, किती दिवसांनी बदलायचं, दाणे टाकायचे की नाही आणि पावसाळ्यात त्या भांड्याचं काय करायचं, हे त्यात नसतं. त्यामुळे बऱ्याच घरांत एप्रिलमध्ये पाण्याला शेवाळ धरतं, मे महिन्यात कबुतरांचा मुक्काम पडतो आणि जूनमध्ये सोसायटीत भांडण लागतं. पक्षी बागेत येतात ते खाणं, पाणी, आडोसा आणि घरट्याची जागा यांसाठी. यातलं काय कमी पडतं ते ऋतूप्रमाणे बदलतं.

आधी झाडं, मग दाणे

दाणे टाकले की पक्षी येतात हे खरं, पण ते मोजकेच: कबुतरं, होले, साळुंक्या, कावळे आणि नशीब असेल तर चिमण्या. शिंजीर, शिंपी, नाचण, दयाळ, चष्मेवाला हे पक्षी दाण्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना किडे, अळ्या, कोळी आणि फुलांतला मध हवा असतो. दाणे खाणाऱ्या चिमणीलाही पिल्लांना भरवायला अळ्या लागतात. सारखी औषधं फवारलेल्या बागेत चिमणीचं खोकं लावलं, तरी तिथे पिल्लं वाढणं अवघडच.

म्हणून कुठली झाडं लावायची हा खरा प्रश्न आहे. कुंडीत मावणाऱ्यांपैकी जास्वंद, इक्झोरा आणि हमेलिया या फुलझाडांवर शिंजीर नेमानं येतात. जमीन असेल तर शेवगा लावावा. तो लवकर वाढतो, शेंगा घरात येतात आणि फुलांवर शिंजीर, मधमाश्या असतातच. पेरू, तुती, सिंगापूर चेरी यांच्या फळांवर बुलबुल, कोकीळ आणि खारी ताव मारतात. सिंगापूर चेरी मूळची इथली नाही, पण दोन-तीन वर्षांत सावली आणि फळं देणारं दुसरं झाड शहरात सहज मिळत नाही. पपईच्या झाडावर वरची एक-दोन फळं पिकू दिली तरी पुरे. जागा मोठी असेल, शाळेचं मैदान किंवा सोसायटीचा कोपरा असेल, तर उंबराला तोड नाही. तांबट, हळद्या आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल यांचं पोट उंबर, वड, पिंपळ यांच्या फळांवर चालतं.

याउलट पाम, क्रोटन आणि गालिच्यासारखी हिरवळ दिसायला छान असते, पण पक्ष्यांच्या दृष्टीनं ती जवळपास रिकामी ताटंच.

कढीपत्त्यावरची अळी

फुलपाखरांचं गणित थोडं वेगळं आहे. त्यांना मधासाठी फुलं लागतात, पण अंडी घालायला ठरावीक झाडंच लागतात, कारण अळी ठरावीक पानंच खाते. लिंबू आणि कढीपत्त्यावर लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं अंडी घालतात. पानफुटीवर रेड पिरो, रुईवर प्लेन टायगर, सोनचाफ्यावर टेल्ड जे, बहाव्यावर पिवळसर एमिग्रंट. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, हीसुद्धा लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढते.

गंमत अशी की लाइमची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाली की हिरवी होते, आणि नेमकी तेव्हाच ती घरातल्या कुणाच्या तरी नजरेस पडून चिरडली जाते. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. तेवढे दिवस कढीपत्त्याची काही पानं सोडून दिली, तर झाड मरत नाही, छाटल्यासारखं पुन्हा फुटतं. रोप अगदी लहान असेल तर दोन रोपं लावावीत, एक फोडणीसाठी आणि एक अळीसाठी. निंबोळी अर्क सेंद्रिय असला तरी अळ्यांसाठी तोही विषच आहे, हे लक्षात ठेवावं.

उन्हाळा: पाणी, पण नीट

मातीचं पसरट भांडं सगळ्यात बरं. खोली दोन इंचांपेक्षा जास्त नको. खोल भांड्यात लहान पक्षी, खारी, मधमाश्या बुडतात, म्हणून मध्ये एक-दोन दगड ठेवावेत, पाण्याच्या वर डोकं काढतील असे. भांडं सावलीत असावं. विदर्भ-मराठवाड्यात दुपारी उन्हातलं पाणी इतकं तापतं की त्याचा उपयोग राहत नाही. झुडूप जवळ असावं, पण अगदी लागून नको, नाहीतर मांजराला दबा धरायला जागा मिळते. पाच-सहा फुटांचं अंतर ठीक.

पाणी रोज बदलणं उत्तम. रोज जमत नसेल तर एक दिवसाआड बदलावंच, आणि नुसतं ओतून भरू नये. डेंग्यू पसरवणारा एडिस डास भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पाणी लागलं की पुन्हा उबतात. त्यामुळे काथ्यानं किंवा ब्रशनं भांडं घासणं हाच उपाय. साबण नको.

मार्च ते जून हा अनेक पक्ष्यांचा विणीचा काळ. शिंजीर वायरीला घरटं लटकवतो, शिंपी रुंद पानं शिवतो, बुलबुल आणि होला थेट कुंडीत संसार थाटतात. कुंडीत होल्याची अंडी दिसली तर अंडी उबवण्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण महिना जातो. तेवढा महिना ती कुंडी हलवू नये. पाणी बाजूनं घालावं, आणि फोटोसाठी सारखं वाकून बघू नये. सारखी वर्दळ झाली तर पक्षी घरटं सोडतात आणि कावळ्याला पत्ता कळतो.

याच काळात पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी चालते, आणि कावळे, बगळे यांची घरटी नेमकी त्याच झाडांवर असतात. धोकादायक फांदी तोडावीच लागते, पण बाकीची छाटणी थंडीच्या सुरुवातीला उरकता येते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे संरक्षित पक्ष्यांची घरटी आणि अंडी नष्ट करणं हा गुन्हा आहे, आणि शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. कंत्राटदाराला कामाआधी घरटी बघायला सांगणं सोसायटीच्या हातात असतं.

कबुतरांचं काय?

जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारनं मुंबईतले कबुतरखाने बंद करायला सांगितले, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला गेला आणि त्यावरून ऑगस्टमध्ये रस्त्यावर आंदोलन झालं, प्रकरण उच्च न्यायालयात होतं. त्यामागचं वैद्यकीय कारण खरं आहे. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली, तर काही लोकांच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते. वेळीच लक्षात आलं नाही तर फुप्फुसं कायमची निबर होऊ शकतात. घरात दमा असलेलं माणूस, म्हातारी माणसं किंवा लहान मूल असेल तर हा विषय भावनेवर सोडू नये.

उंच इमारतीच्या गॅलरीत किंवा कठड्यावर धान्य टाकणं म्हणजे कबुतरांना आमंत्रण. इमारतींचे कठडे त्यांना कड्यांसारखे वाटतात, खाणं आयतं मिळालं की ती वर्षभर अंडी घालतात. तिथे फक्त पाणी आणि फुलझाडं ठेवावीत. बैठं घर असेल आणि चिमण्या येत असतील, तर मूठभर बाजरी किंवा तांदळाची कणी सकाळी टाकावी, तासाभरात संपेल एवढीच. फरसाण, चिवडा, पाव, बिस्किटं नकोत. जाळी लावायची तर ती ताणून, घट्ट लावावी. सैल जाळीत पक्षी अडकून मरतात.

चिमणीचं खोकं लावताना भोक साधारण ३२ ते ३५ मिलिमीटरचं ठेवावं. त्याहून मोठं केलं की साळुंकी ताबा घेते. आठ-दहा फूट उंचीवर, दुपारचं ऊन आणि पंखा दोन्ही टळेल अशी जागा बघावी. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून पाळला जातो. त्यामागे नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी आहे.

पावसाळा: हात आखडता

जूननंतर पाण्याचं भांडं उचलून, घासून, उपडं ठेवावं. दाणेही बंद. ओल्या धान्याला बुरशी लागते आणि ती पक्ष्यांना विषारी ठरू शकते. निसर्गात या दिवसांत किड्यांची रेलचेल असते.

बेडूक, सरडे, गोगलगायी, आणि मग त्यांच्या मागे सापही याच काळात दिसतात. बाग जिवंत असली की साप कधीतरी येणार. विटांचे ढीग, जुनी लाकडं घराच्या भिंतीला लागून ठेवू नयेत, उंदरांना खरकटं मिळू देऊ नये, रात्री बागेत बॅटरी घेऊनच जावं. दिसलेला साप बहुधा बिनविषारी धामण असते, पण नाग, घोणस, मण्यार, फुरसे ओळखण्याचा प्रयोग स्वतः करू नये. वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक यासाठीच आहे. उंदरांसाठी विष ठेवणंही टाळावं. विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडानं खाल्ला की घुबडही मरतं.

हिवाळा: पालापाचोळा राहू द्या

सप्टेंबरपासून पाहुणे यायला लागतात. करडा धोबी, थिरथिरा, लाल छातीचा माशीमार, आणि मोठ्या थव्यानं भोरड्या. यातल्या बहुतेकांना दाणे नको असतात. झाडाखाली पडलेल्या पानांत किडे असतात, ते टिपायला ते येतात. सकाळी झाडून पानं जाळली की त्यांचं ताटच पेटवलं. पानं झाडाच्या बुंध्याशी सारून ठेवली तर खतही होतं. जानेवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर फुलली की तिथे भोरड्यांची झुंबड उडते.

संक्रांतीला नायलॉन मांजा नको. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो. झाडात अडकलेला मांजा पुढे कित्येक महिने पंख कापत राहतो, म्हणून सण संपल्यावर आपल्या आवारातला तेवढा काढून टाकावा.

पिल्लू जमिनीवर दिसलं तर

पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू बहुधा उडायला शिकत असतं, आई-बाप जवळच असतात. मांजर-कुत्रं आवरावं आणि लांबून बघावं. पिसं नसलेलं पिल्लू सापडलं आणि घरटं दिसत असेल, तर ते उचलून घरट्यात ठेवावं. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज खोटा आहे. त्याला घरी नेऊन दूध-पाव भरवू नये. पोपटाचं पिल्लू असेल तर ते पिंजऱ्यात वाढवणं बेकायदाही आहे.