दृश्यप्रकाश-प्रेरित धातु-उत्प्रेरण

दृश्यप्रकाश-प्रेरित धातु-उत्प्रेरण : दृश्य प्रकाशाची (तरंगलांबी सु. ४०० ते ७०० नॅनोमीटर) ऊर्जा वापरून धातु-उत्प्रेरकाच्या साहाय्याने कार्बनी संयुगांच्या विक्रिया घडवून आणण्याची पद्धती. हा प्रकाश धातूचे जटिल संयुग स्वतः शोषून घेते किंवा त्याच्या जोडीला असलेले रंगद्रव्य शोषून घेते. कार्बनी संश्लेषणात एरवी उष्णता देऊन जे साधावे लागते, त्यातील बरेचसे या पद्धतीने सामान्य तापमानास साधते.

तत्त्व : बहुतेक साधी कार्बनी संयुगे रंगहीन असतात, म्हणजे ती दृश्य प्रकाश शोषत नाहीत. त्यामुळे जुन्या प्रकाशरसायनशास्त्रात जंबुपार किरण वापरावे लागत. परंतु त्यांची ऊर्जा इतकी जास्त असते की, नको असलेले बंधही तुटतात. रुथेनियम व बायपिरिडीन यांचे नारिंगी जटिल संयुग सु. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश शोषते. तेव्हा धातूवरील एक इलेक्ट्रॉन त्याला जोडलेल्या बायपिरिडिनाकडे जातो. ही उत्तेजित अवस्था सु. १ मायक्रोसेकंद टिकते आणि तेवढ्या अवधीत ते संयुग मूळ अवस्थेपेक्षा प्रबळ क्षपणकारक व प्रबळ ऑक्सिडीकारक असे दोन्ही बनते. ते दुसऱ्या रेणूला इलेक्ट्रॉन देते किंवा त्याच्याकडून घेते आणि त्यातून विक्रियाशील मुक्त मूलक निर्माण होतो. [⟶ उत्प्रेरण].

इतिहास : इटालियन रसायनशास्त्रज्ञ ज्याकोमो चामिचान (१८५७–१९२२) यांनी १९१२ मध्ये न्यूयॉर्क येथील व्याख्यानात, दगडी कोळशाचे साठे अमर्याद नाहीत, म्हणून रासायनिक उद्योगाने सूर्यप्रकाशाकडे वळावे, असे प्रतिपादन केले होते. रुथेनियमाचे वर उल्लेखिलेले संयुग १९३६ मध्ये एफ्. एच्. बर्स्टल यांनी तयार केले; परंतु ते इलेक्ट्रॉनाची देवाणघेवाण घडविते हे १९७०–८० या दशकात स्पष्ट झाले. तेव्हा संशोधकांचे लक्ष मुख्यतः पाण्याच्या विघटनाकडे व सौर ऊर्जेकडे होते. नेदर्लंड्समध्ये केलॉग (१९७८) आणि फ्रान्समध्ये देरोंझिए (१९८४) यांनी ते कार्बनी विक्रियांसाठी वापरले, तरी त्यांच्या कार्याकडे संश्लेषण करणाऱ्यांचे फारसे लक्ष गेले नाही.

२००८ मध्ये अमेरिकेत डेव्हिड मॅकमिलन व यून यांच्या गटांनी आणि पुढील वर्षी स्टीफनसन यांच्या गटाने हेच संयुग वापरून उपयुक्त विक्रिया प्रसिद्ध केल्या. मॅकमिलन यांच्या प्रयोगास घरगुती प्रतिदीप्त दिवा पुरला. २०१४ मध्ये प्रकाश-उत्प्रेरकाला निकेलाची जोड देण्यात आली. प्रकाशामुळे निर्माण झालेला मूलक निकेल पकडते व दुसऱ्या कार्बनी गटाशी त्याचा बंध जुळवून देते. २०१६ मध्ये गेव्होर्ग्यान यांनी, पॅलॅडियम स्वतःच दृश्य प्रकाश शोषून असे कार्य करू शकते, हे दाखविले.

महाराष्ट्रातील कार्य : पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना १९५०) गणेश पांडे यांनी प्रकाश-प्रेरित इलेक्ट्रॉन संक्रमणावर दीर्घकाळ संशोधन केले. त्यांनी व सहकाऱ्याने १९९४ मध्ये डायसायनोअँथ्रॅसीन व ट्रायफिनिल फॉस्फीन यांची जोडी वापरून दृश्य प्रकाशात मूलक-वलयीकरण घडवून आणले. त्यात धातूचा उपयोग नव्हता; मात्र दृश्य प्रकाशाने मूलक निर्माण करून कार्बन-कार्बन बंध जुळविण्याची कल्पना २००८ मधील लाटेच्या चौदा वर्षे आधी पुण्यात प्रत्यक्षात आली होती, हे नोंद घेण्याजोगे आहे. पांडे यांना १९९९ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले.

मुंबई उपनगरांत कार्बनी संश्लेषणाची परंपरा औषधी संशोधनातून रुजली. गोरेगाव येथील सीबा संशोधन केंद्र (१९६३) व मुलुंड येथील होएक्स्ट संशोधन केंद्र (१९७२) ही तिची प्रमुख स्थाने होती. पवई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेत (स्थापना १९५८) देवव्रत मैती यांचा गट कार्बन-हायड्रोजन बंध निवडकपणे बदलण्यावर काम करतो. जपानमध्ये १९६७ मध्ये शोधल्या गेलेल्या फुजिवारा-मोरितानी विक्रियेत पॅलॅडियमाच्या साहाय्याने बेंझीन वलयाला अल्कीन जोडतात. पण तीव्र उष्णतेमुळे अनेकदा वलयावरील एकाहून अधिक जागी विक्रिया होते, शिवाय महागडी चांदीची लवणे लागतात. २०२२ मध्ये या गटाने पॅलॅडियम व कार्बनी प्रकाश-उत्प्रेरक यांच्या जोडीने दृश्य प्रकाशात ही विक्रिया, उष्णता व चांदीची लवणे यांवाचून, वलयावरील निवडक जागी घडवून दाखविली. मैती यांना २०२२ चे भटनागर पारितोषिक देण्यात आले.

महत्त्व व मर्यादा : औषधनिर्मितीत विक्रिया नेमक्या जागी न झाल्यास उत्पादन अलग करण्यात विद्रावक, ऊर्जा व वेळ खर्ची पडतो, म्हणून ही पद्धती केवळ प्रयोगशाळेतील कुतूहल नव्हे. तथापि रंगीत विद्रावात प्रकाश थोड्याच अंतरापर्यंत शिरतो. त्यामुळे लहान चंबूत यशस्वी झालेली विक्रिया मोठ्या पात्रात मंदावते. यावर उपाय म्हणून विद्राव अरुंद नळ्यांतून प्रकाशासमोर वाहता ठेवतात. रुथेनियम व इरिडियम हे दुर्मिळ धातू आहेत, म्हणून त्यांच्याऐवजी कार्बनी रंगद्रव्ये, लोह व तांबे यांचा उपयोग करण्याचे प्रयत्न चालू आहेत. शिवाय बहुतेक प्रयोगांत प्रकाश विजेच्या दिव्यांपासून मिळवितात. ती वीज कोळशापासून आलेली असेल, तर चामिचान यांचे उद्दिष्ट अर्धेच साधले, असे म्हणावे लागेल.